गेवराईची काळी बिअर आणि माझे सात गुण

बिअर चाखायला मी घाटनांदूरहून गेवराईला गेले होते. हे पहिल्याच ओळीत सांगते, म्हणजे ज्यांना नाक मुरडायचं आहे त्यांनी आत्ताच मुरडून घ्यावं. माझं वय चौऱ्याहत्तर आहे, शाळा चौथीपर्यंत झाली आहे. दारू तोंडाला कधीच लागली नव्हती असंही नाही. दोन्ही बाळंतपणांत सासूनं मला चमचा चमचा ब्रँडी पाजली होती. पण चाखून गुण द्यायला मला कुणी बोलावलं, असं आजवर झालं नव्हतं.

बोलावणं आलं ते नातीमुळं. शीतल माझ्या थोरल्याची मुलगी. परभणीला खाण्यापिण्याच्या पदार्थांचं शिक्षण घेतलं आणि आता संभाजीनगरकडे बिअरच्या एका लहानशा कारखान्यात बिअर बनवायचं काम करते. गावात आम्ही "कंपनीत हाय" एवढंच सांगतो. तिच्या मालकाला अशी एक जीभ हवी होती, जिला बिअर ठाऊक नाही पण भाजणी ठाऊक आहे. काळ्या बिअरमध्ये जव भाजून घालतात, सगळी मदार त्या भाजण्यावर असते म्हणे. शीतलनं माझं नाव सांगितलं.

भाजणी मला कळते, हे खरं आहे. आमच्याकडे येसर करतात. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ आणि मसाले वेगवेगळे भाजून दळलेलं ते पीठ असतं. पाण्यात कालवून फोडणीला टाकलं की आमटी तयार. लग्नाकार्याचं येसर असलं की आमच्या गल्लीतल्या बाया दळायच्या आधी परात घेऊन माझ्याकडे येतात. मी मूठभर नाकाशी धरते आणि सांगते. कच्ची असली तर कच्ची म्हणते, करपली असली तर तेही तोंडावर सांगते. दोन बाया त्यावरून माझ्याशी वर्षभर बोलत नव्हत्या. तरी येसर मात्र दाखवायला आणतच होत्या.

धारूर

संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात शीतल तिची जुनी गाडी घेऊन आली. मी पुढच्या सीटवर बसले. पारावरची माणसं बघत होती.

"कुठं निघाली म्हातारी?"

"कामाला," मी म्हणाले. खोटं नव्हतं.

अंबाजोगाई, केज करत दुपारी धारूरला पोचलो. तिथं माझी धाकटी बहीण कौसा राहते. ती माळकरी आहे. तिच्याकडे मुक्काम होता, म्हणून खरं सांगणं भाग होतं. तिनं हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"बिअर? ह्या वयात? अगं, लोकं काय म्हणतील?"

"लोकांला बोलावलं न्हाई. मला बोलावलंय."

"माझ्या घरात त्या बाटलीचं नाव काढू नगंस."

"न्हाई काढत. पुरणपोळी वाढ."

कौसाची पुरणपोळी माझ्यापेक्षा चांगली होते. हे मी तिला कधी सांगितलं नाही, इथे लिहून ठेवते.

संध्याकाळी शीतलला किल्ला बघायचा होता, म्हणून आम्ही तिघी गेलो. बुरूज मोठे आहेत, आत झाडोरा माजलाय, शेळ्या चरत होत्या. दोन ठिकाणी पाणी साठलेलं आहे. एकाला गोडी दिंडी म्हणतात, दुसऱ्याला खारी दिंडी. एकाच डोंगरावर एक पाणी गोड, एक खारं. कौसा म्हणाली, "चाख की, तू मोठी चाखणारी." मी वाकून बघितलं तर वर हिरवं शेवाळ. चाखलं नाही. पाणी आहे म्हणून कुठलंही तोंडात घालायचं नसतं.

सकाळी निघताना कौसानं शेंगदाण्याच्या चटणीचा डबा दिला. शीतल गाडीत बसल्यावर माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "येताना सांगून जा. कशी लागती ती."

घाट

धारूरचा घाट उतरताना शीतल बोलायला लागली. तोवर गप्प होती. एरवी ती रेडिओसारखी असते, म्हणून मला शंका आलीच होती.

"आजे, आज तीन गिलास असतील. एक बाहेरच्या देशातली, एक आमच्या नितीन सरांनी केलेली, अन् एक माझी. मी जवाबरोबर ज्वारी घातलीय. आपली ज्वारी."

"मग?"

"दोनदा केली, दोनदा ओतून द्यावी लागली. ही तिसरी. मालक म्हणले, ही न्हाई जमली तर ज्वारीचं खूळ बंद. मग मला बाटल्या भरायच्या मशीनवर बसवतील."

"ते काम वाईट हाय का?"

"वाईट न्हाई. पण मी ते शिकले न्हाई ना."

वळण आलं. तिनं हॉर्न दिला. मग हळूच म्हणाली, "माझा कुठला नंबर हाय, सांगू?"

"सांगू नगंस. सांगितलंस तर दोन गुण कमी दीन."

ती हसली, पण हात स्टिअरिंगवर घट्ट होते. मला तिची काळजी वाटत होती. पण म्हणून जीभ खोटं बोलणार नव्हती, हे तिलाही ठाऊक होतं. ठाऊक नसतं तर तिनं मला नेलंच नसतं.

खाली उतरलं की देश बदलतो. वर डोंगरात कुसळी गवत आणि सीताफळीची खुरटी झाडं, खाली काळी रानं, कापूस, ऊस. माजलगाव सोडलं आणि गेवराई जवळ आली तसे वाळूचे टिप्पर सुरू झाले. एक टिप्पर अगदी शेजारून गेला आणि खिडकी उघडी असल्यामुळं माझ्या इस्त्रीच्या लुगड्यावर वाळूचा सडा पडला. गुण द्यायला जाणाऱ्या बाईचा असा मान झाला.

गेवराईजवळचा मळा

मालकाचं नाव अजिंक्य. चाळिशीचा असेल. गेवराईपासून थोड्या अंतरावर त्याच्या वडिलांचा मळा आहे. घर साधं, पुढं मोठा ओटा, ओट्यावर ऊन. बाजूच्या वावरात ज्वारी हुरड्यात आलेली. मी गेल्या गेल्या एक कणीस चुरून दाणे खाल्ले. दुधाळ, गोड. ज्वारी चांगली होती, म्हणजे माणूस बरा असणार, असं मी धरून चालले.

नितीन सर पुण्याचे. दाढी व्यवस्थित कापलेली, बोलणं सावकाश. तिसरे बीडचे एक हॉटेलवाले होते, त्यांचं पोट त्यांच्या आधी ओट्यावर चढलं. स्वयंपाकाला रेहानाभाभी होत्या, गेवराईच्याच. त्यांचे मिस्टर फळांचा गाडा लावतात. चुलीवर मटण चढलं होतं.

मी बोलता बोलता म्हणाले, "आमच्याकडं परवाच येळवस झाली. रानात पाच दगडांचे पांडवं मांडले, आंबील केली."

"येळवस म्हंजी?" अजिंक्यनं विचारलं.

मला खरंच वाटेना. एकच जिल्हा, आणि वरच्या टोकाला आमचा सगळ्यात मोठा सण कुणाला माहीत नाही. मग मी सांगितलं. अमावास्येला सगळं गाव रानात जेवतं. ज्वारीचं पीठ ताकात आंबवून आंबील करतात, मडक्यात ठेवतात, वर फेस धरतो, पिऊन दुपारी माणूस बांधावर आडवा होतो.

नितीन सर म्हणाले, "आजी, मग तुम्ही बिअर प्यायलेल्याच आहात."

"आंबिलीला बिअर म्हणू नका. देवाला नैवेद्य दावतो आमी तिचा."

अकरा वाजता टेबल मांडलं. प्रत्येकासमोर तीन गिलास, खाली चिठ्ठीवर एक, दोन, तीन. एक कागद, त्यावर रकाने आखलेले. रंग, वास, चव, गिळल्यावर काय, आणि शेवटी दहापैकी गुण. पेन्सिल दिली. माझं अक्षर चांगलं आहे, त्यामुळं मला त्याची भीती वाटली नाही. बाटल्या बर्फाच्या पेटीतून काढल्या, पाणी गळत होतं. ओतल्यावर तिन्ही काळ्या. कोळशाचं पाणी म्हणावं अशा, उजेडाला धरल्या तर कडेला तांबूस. वर बोटभर फेस.

मी रेहानाभाभींकडून चमचा मागून घेतला आणि पहिल्या गिलासावरचा फेस काढून बशीत टाकला. मग दुसऱ्यावरचा. तिसऱ्याला हात घातला तेवढ्यात नितीन सर जवळजवळ उठलेच.

"आजी! काय करताय?"

"फेस काढतीय."

"तोच तर बघायचा असतो!"

"डाळ उकळली की वर येतो तो फेस काढून टाकावा, न्हाईतर पोटात वायू धरतो. माझ्या सासूनं शिकवलंय."

हॉटेलवाले इतके हसले की त्यांना ठसका लागला. अजिंक्यनं डोळे पुसले. दाराशी उभी असलेली शीतल हातानं तोंड झाकून होती, हसत होती का लाजत होती, कळलं नाही. बशीतला फेस मी बोटानं चाखला. नुसता कडू. मला वाटतं सासूचं बरोबर होतं.

मग मी वरची कवळी काढून रुमालात बांधली. टाळूवर प्लास्टिक असलं की चव अर्धीच कळते. एक घोट घेतला आणि डोक्यात कळ गेली. बर्फ! जिभेला काही कळेचना. दुसरा गिलास, तिसरा गिलास, तेच. गार, काळं, टोचणारं. तिन्हीत फरक एवढाच की तिसरं जरा जास्त कडू.

बाकीच्यांनी भराभर लिहिलं. हॉटेलवाल्यांनी तर बोलूनही दाखवलं. "दोन नंबर एक नंबर हाय. तीन नंबर म्हंजी चुलीतली राख."

अजिंक्यनं तिसऱ्याला चार दिले. नितीन सरांनीही चारच. मी दाराकडे बघितलं. शीतल तिथं नव्हती. मग मला नंबर कळला. कुणी न सांगता कळला, त्याला माझा इलाज नव्हता.

अजिंक्य म्हणाला, "आजी, तुमचा कागद कोराच?"

"चव लागली न्हाई तर काय लिहू? गार झालेली आमटी कुणी जोखतं का? मी थांबते."

"किती वेळ?"

"जेवण हुईस्तोर."

नितीन सर म्हणाले, "आजी, तोवर बिअर मरते. गॅस निघून जातो."

"जाऊ द्या. पाव्हणा गेल्यावरच घर कसं हाय ते कळतं."

माशा फार होत्या. मी तिन्ही गिलासांवर बशा झाकल्या, चिठ्ठ्यांसकट ओट्याच्या कट्ट्यावर उन्हात ठेवले आणि कवळी घालून जेवायला बसले.

जेवणाबद्दल लिहिलं नाही तर पाप लागेल. बाजरीची भाकरी, मटणाचा काळा रस्सा, मिरचीचा ठेचा, गरम राखेत भाजलेला हुरडा, कौसाची चटणी. रेहानाभाभींच्या रश्शात खोबरं आमच्यापेक्षा जास्त भाजलेलं असतं, आणि दगडफूल कमी. मी तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अम्मा, दगडफूल जादा झालं तर मटन को दवाखान्याचा वास येतो." त्यांचं म्हणणं चुकीचं आहे, पण रस्सा मी दोनदा घेतला.

शीतल जेवत नव्हती, भाकरीचे तुकडे करत होती.

"जेव," मी म्हणाले.

"भूक न्हाई, आजे."

"राख तर राख. माणसं राखेनं भांडी घासतात. जेव."

तेवढ्यात रेहानाभाभी ताटं उचलायला कट्ट्याकडे गेल्या. एक बशी सरकली होती ती नीट करताना थांबल्या. वाकून वास घेतला.

"अम्मा, आमच्यात ह्ये पीत न्हाईत, मी तोंड लावणार न्हाई. पन ह्या गिलासातून ज्वारी भाजल्यावानी वास येतोय. तव्यावरच्या."

"कुठल्या?"

"तीन नंबर."

मी उठले, हात धुतले, पुन्हा कवळी काढली.

ऊन लागून गिलास कोमट झाले होते. फेस नव्हता, बुडबुडे चारदोनच. पहिला चाखला. कडू पाणी, तोंड तुरट. दुसरा चाखला. गार असताना सगळ्यांना आवडलेला हा, आता नुसता गोड लागत होता, शिळ्या गुळवणीसारखा. तिसऱ्याची बशी काढली आणि मी गिलास तोंडाला न लावता तसाच धरून बसले.

तो वास मला ओळखीचा होता. कढई तापलीय, ज्वारी तडतडायची थांबून तांबूस झालीय, आता दोन मिनिटांत उतरवायची, तेव्हाचा तो वास. मग घोट घेतला. आधी कडू, मग भाजका गोडवा, मग अंगाला ऊब. कडूपणा होता, पण तो मेथीच्या भाजीत असतो तसा होता, त्याची जागा होती. चटणी लावून भाकरीचा तुकडा खाल्ला आणि परत घोट घेतला. आणखी बरा लागला.

फक्त गिळल्यावर, अगदी शेवटी, घशाच्या मागं एक करपट टोक राहिलं.

मी कागदावर लिहिलं. एकला चार, दोनला पाच, तीनला सात. नंबर मला कळला होता, तो मी बाजूला ठेवला. खाली लिहिलं, "गार पिऊ नये."

अजिंक्यनं कागद वाचला आणि माझाच गिलास उचलून घोट घेतला. मग त्यानं तीन नंबरचीच नवी बाटली फोडली, अर्धा तास उन्हात ठेवली, फेस न काढता सगळ्यांना ओतली.

नितीन सरांनी दोन घोट घेतले. दोन नंबर त्यांचा स्वतःचा होता, तरी माणूस सरळ. म्हणाले, "चूक माझी आहे. काळी बिअर इतकी गार द्यायची नसते, हे मीच सगळ्यांना शिकवतो. पण आपल्याकडे गिऱ्हाईक गारच मागतं, म्हणून सवयीनं सगळं बर्फात टाकलं." त्यांनी आपला चार खोडून साडेसात केला. माझ्यापेक्षा अर्धा जास्त. मला ते आवडलं नाही.

"आजी, मग सातच का?" अजिंक्यनं विचारलं.

"शेवटाला करप हाय. ज्वारी ज्यानं भाजली ना, त्यानं पहिले घाणे नीट काढले. शेवटचा घाणा कढईतच ठिवला अन् गप्पा हाणत बसला. कढई खाली उतरवली तरी लोखंड तापलेलं असतं. दाणा आतल्या आत भाजत राहतो. लगोलग फडक्यावर वतायचा असतो. येवढं ज्याला कळंना त्यानं भाजायला बसू नये."

"कोण आहे तो?" अजिंक्यनं शीतलकडं बघितलं.

शीतल माझ्यासमोर येऊन उकिडवी बसली. तिचा चेहरा बघून मला कळेना काय झालं.

"आजे, दिवाळीला मी येसराची ज्वारी म्हणून दोन डबे नेले. कुणी भाजली होती?"

मी तिला ते डबे दिले होते. मला वाटलं होतं, मैत्रिणींना येसर करून घालणार. आणि मग मला तो दिवसही आठवला. शेवटचा घाणा, कढई चुलीवरून उतरवलेली, आणि दारात शेजारची सखूबाई. तिच्या सुनेचं काहीतरी सांगत होती. गोष्ट चांगली होती, मी कढई तशीच ठेवून ऐकत बसले.

"सखूबाई आलती," मी म्हणाले.

ओट्यावर जो हशा पिकला तो वावरातल्या राखणीच्या माणसानं ऐकला असेल. रेहानाभाभी पदर तोंडात धरून आत पळाल्या. हॉटेलवाले म्हणत होते, "त्यानं भाजायला बसू नये!" आणि मांडीवर थापा मारत होते.

"मग सहा लिहा," मी म्हणाले. "माझाच हात हाय तर सहाच."

"पेन्सिल परत घेतली आजी," अजिंक्य म्हणाला. मग शीतलकडं वळून, "ज्वारीची काळी चालू ठेवायची. पुढचा मोठा घाणा तूच लावायचा. नितीन सर मदत करतील."

हॉटेलवाल्यांना ती करप तशीच ठेवायची होती, त्यांना आता तीच आवडायला लागली होती. आमचं त्यावर बरंच वाजलं. शेवटी ठरलं असं की मी पाच किलो ज्वारी नीट भाजून नमुना द्यायचा, आणि नितीन सरांनी घाटनांदूरला येऊन माझी कढई बघायची, म्हणजे कारखान्यातलं भाजायचं यंत्र तसं लावता येईल. त्यांनी वही काढून विचारलं, "किती डिग्रीला उतरवता?" मी म्हणाले, "वास बदलला की." त्यांनी ते लिहून घेतलं.

परत

रात्री मळ्यावरच राहून सकाळी निघालो. शीतल आता रेडिओसारखी बोलत होती. माजलगाव मागं पडल्यावर एकदम रुसल्यागत म्हणाली, "सात? साडेसात तर परक्या माणसानं दिले."

"परका हाय म्हणून दिले. तू सांगितलं असतंस तर पाच दिले असते."

"अन् भाजणी तुझी हाय हे आधी कळलं असतं तर?"

"मग मी आलेच नसते."

घाट चढताना तिनं गाणं लावलं आणि स्वतःही म्हणत होती. आवाज बरा नाही तिचा. मी थांबवलं नाही.

धारूरला कौसा दारातच उभी होती. शीतल आत गेल्यावर तिनं विचारलं, "कशी लागती?"

"येसराची आमटी कर. मीठ घालू नगंस, जरा गूळ घाल, फडक्यातनं गाळ, अन् भाकरी न घेता पी. तशी."

कौसानं विचार केला. "मग भाकरी घेऊन आमटीच का खाईनात माणसं?"



घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मी पाच किलो ज्वारी निवडली आणि चूल पेटवली. त्याआधी दाराला आतून कडी घातली. चार घाणे निघाले. पाचव्याला सखूबाईनं दार वाजवलं.

"अगं ये, कावून कडी लावलीस? गेवराईला काय झालं सांग की!"

वास बदलायला आला होता. ती वाजवत राहिली. मी कढई उचलली, सगळी ज्वारी फडक्यावर ओतली, हातानं पसरली, दाणा दाताखाली फोडून बघितला, आणि मग दार उघडलं.